रंग बदलणाऱ्या लोकरीची नक्षीदार टोपी: पहिल्यांदाच दोन रंगांत विणणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात लोकरीची टोपी लागते ती पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना, आणि तीही वर्षातून महिना-दोन महिनेच. त्यामुळं माझ्या भाचीनं केदारकंठाच्या ट्रेकसाठी टोपी मागितली तेव्हा मला फार आनंद झाला. खऱ्या बर्फात घालायची टोपी! निळी जमीन आणि त्यावर रंग बदलत जाणाऱ्या लोकरीची नक्षी, असा बेत ठरवला. दोन आठवडे जीव ओतून विणली. सासूबाईंच्या हातात दिली, तर त्यांनी ती खिडकीजवळ नेली, बोटानं एका जागी चाचपलं आणि विचारलं, "हितली फुलं कुठं गेली गं?"

फुलं तिथंच होती, दिसत मात्र नव्हती. बदलती लोकर पिवळ्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून निळ्यावर आली होती आणि निळ्या जमिनीत तीन बोटांचा पट्टा विरघळून गेला होता. टोपी अर्ध्यापर्यंत उसवली. तेव्हापासून अशा सहा टोप्या झाल्या. ज्याला दोन सुयांवर सुलट-उलट येतं, पण दोन रंगांची नक्षी कधी केलेली नाही, त्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी साहित्य

- एकरंगी लोकर, मध्यम जाडीची (दुकानात 'डबल निटिंग' म्हणून मागा), ५० ग्रॅम. हिला मी पुढं 'जमीन' म्हणेन.
- रंग बदलणारी लोकर, तेवढ्याच जाडीची, ५० ग्रॅम. ही 'नक्षी'.
- ४ मिमीची गोल सुई, ४० सेंमी लांबीची. जुन्या नंबरात ही ८ नंबरची सुई.
- काठासाठी ३.२५ मिमीची गोल सुई, म्हणजे १० नंबर.
- शेंड्यासाठी ४ मिमीच्याच दोन्हीकडून टोकदार अशा आखूड सुयांचा संच. तो नसेल तर ८० सेंमीची गोल सुई (तिचा लांब दोर टाक्यांमधून फासासारखा बाहेर काढला की लहान घेरही विणता येतो).
- लोकर ओवायची बोथट सुई, मापाची टेप, फेरीची सुरुवात दाखवायला एक रिंग (वेगळ्या रंगाच्या लोकरीचा फासही चालतो).

सरळ सुयांवर टोपी होते, नाही असं नाही. पण सरळ सुयांवर दर दुसरी ओळ उलट येते आणि दोन रंग घेऊन उलट विणणं नवख्या हाताला जड जातं. शिवाय मागं शिवण येते. गोल सुईवर सगळं सुलटच, नक्षी कायम डोळ्यांसमोर. चार पैसे जास्त गेले तरी गोल सुईच घ्या.

१. लोकर दारात नेऊन बघा

महाद्वार रोड असो की राजारामपुरी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग कधी ठरवू नका. दोन्ही गुंडे हातात घ्या आणि दाराशी उजेडात या. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

'शेडेड' म्हणून जे मिळतं त्यात दोन अगदी वेगळ्या जाती असतात. एकीत दर वीतभर अंतरावर रंग बदलतो. दुसरीत एकेक रंग कितीतरी मीटर चालतो आणि मग हळूहळू दुसऱ्यात मिसळतो. नक्षीला ही दुसरी लागते. पहिलीनं विणलं तर एकाच फुलात तीन रंग येतात आणि फूल न दिसता नुसते ठिपके दिसतात. तिचे साधे एकरंगी विणीचे मोजे करा, सुंदर होतात. लांब रंगाच्या लोकरीत जपानची नोरो जगभर प्रसिद्ध आहे, पण पहिल्या टोपीला तेवढी महाग लोकर वापरायची गरज नाही.

कोणी तरी हमखास विचारतं, आपल्या घोंगडीची लोकर का नाही वापरत? पट्टणकोडोलीच्या बाजूला धनगरांकडची दख्खनी मेंढीची लोकर मीही हाताळून बघितली आहे. त्या काळ्या-करड्या रंगांना तोड नाही. पण ती राठ असते, कपाळाला टोचते. घोंगडी अंगावर टिकते ती त्या राठपणामुळं आणि चिंचोक्याच्या खळीमुळं. टोपीला मऊ लोकर हवी.

२. रंगाची लांबी मोजा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळा घोटाळा इथंच होतो.

साध्या विणीत एका फेरीला टोपीच्या घेराच्या साधारण तिप्पट धागा जातो. आपला घेर ५० सेंमी, म्हणजे एकरंगी फेरीला दीड मीटर. दोन रंगांच्या फेरीत नक्षीच्या वाट्याला थोडेच टाके येतात, पण मागून आडवा जाणारा धागाही लागतो. खाली दिलेल्या नमुन्यात फेरीला सरासरी मीटरभर धरा, त्याहून थोडा कमीच. नक्षीच्या फेऱ्या २४. म्हणजे सगळ्या नक्षीला वीस ते चोवीस मीटर लोकर पुरते.

आता गुंड्याचं टोक सोडून हॉलभर पसरा. एक रंग सुरू होऊन दुसरा येईपर्यंत किती मीटर होतात? वीस मीटर होत असतील तर तुमच्या नक्षीत बदल दिसणारच नाही, एकच रंग येईल आणि मन खट्टू होईल. पाच-सहा मीटर होत असतील तर उत्तम, चार रंग येतील. दहा मीटर असतील तर दोन. अशा वेळी मधला तुकडा कापून बाजूला ठेवायचा आणि पुढच्या रंगापासून विणायचं. कापायला मन धजत नाही, पण कापलेला तुकडा गोंड्याला वापरता येतो.

लांब रंगाची लोकर मिळालीच नाही तर घरातल्या उरल्यासुरल्या लोकरींमधून ती तयार करा. एकाच जाडीचे चार रंग, फिक्यापासून गडदापर्यंत लावून, प्रत्येकाचा सहा-सहा मीटरचा तुकडा (हे नुसत्या नक्षीपुरतं, शेंड्यासाठी लोकर वेगळी राखून ठेवा). दर सहा फेऱ्यांनी रंग बदला. जोड फेरीच्या सुरुवातीलाच, म्हणजे डोक्याच्या मागं येऊ द्या. माझी तिसरी टोपी अशीच झाली आणि मला ती विकतच्या शेडेडपेक्षा जास्त आवडते.

३. हलकं-गडद तपासा

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर या पायरीत आहे.

नक्षी उठून दिसते ती रंग वेगळे आहेत म्हणून नव्हे. एक हलका आणि एक गडद असतो म्हणून. लाल आणि हिरवा, ऐकायला किती वेगळे! पण दोन्ही सारखेच गडद असतील तर दोन हात लांबून सगळी टोपी तपकिरी दिसते. तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी शेजारी ठेवल्यावर कुठली वाटी कुठली हे अंधुक उजेडातही कळतं. तेवढा फरक हवा.

नक्षीची लोकर पसरलेलीच आहे. तिच्या प्रत्येक रंगाजवळ जमिनीच्या लोकरीचा धागा ठेवा, मोबाइलनं फोटो काढा आणि तो फोटो कृष्णधवल करा. आता रंग गेले, नुसती छटा उरली. ज्या जागी दोन धागे वेगळे ओळखू येत नाहीत, त्या जागी नक्षी बुडणार. असा पट्टा छोटा असेल तर कापून काढा. मोठा असेल तर जमीन बदला.

बदलती लोकर पिवळा, केशरी, गुलाबी अशा उजळ रंगांत फिरत असेल तर जमीन काळी, गडद जांभळी किंवा नेव्ही निळी घ्या. ती मरून, बाटलीहिरवा, जांभळा अशी गडद असेल तर जमीन दुधाळ पांढरी. पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत जाणारी लोकर दिसायला मोहक, पण पहिल्या टोपीसाठी अजिबात घेऊ नका. तिच्याशी कुठलीच जमीन शेवटपर्यंत टिकत नाही. दोन्ही धागे बदलते घ्यायचा मोहही आता आवरा.

४. तुकडा विणून माप काढा

मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५६ सेंमी, पुरुषाचा दोनेक सेंमी जास्त. टेप भुवयांच्या वरून आणि कानांवरून फिरवा. टोपी डोक्यापेक्षा चार ते सहा सेंमी लहान हवी, म्हणजे ती ताणून घट्ट बसते.

४ मिमीच्या गोल सुईवर ३० टाके घाला आणि खालची नक्षी विणा. ओळ संपली की काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, दोन्ही धागे मागून सैल आणा आणि पुन्हा सुलट विणा. कारण नक्षी गोल विणताना हाताचा ताण वेगळा असतो, तो उलट ओळी घातलेल्या तुकड्यात कळत नाही. चार बोटं उंची झाली की तुकडा भिजवा, वाळवा आणि मधोमध १० सेंमीत किती टाके बसले ते मोजा.

२४ टाके आले तर १२० टाक्यांची टोपी बरोबर ५० सेंमी होते. २२ आले तर ती साडेचोपन्न होईल, डोळ्यांवर येईल. सुई एका नंबरानं बारीक करा. २६ आले तर ४६, डोकं आवळेल. सुई जाड करा. टाके बदलत बसू नका, सुई बदला. मी एकदा हा तुकडा न विणताच सुरुवात केली होती आणि ती टोपी शेवटी शेजारच्या बाळाला गेली.

लहान मुलासाठी, डोकं ५० सेंमीच्या आसपास असेल तर, १२० ऐवजी १०८ टाके. त्याचे आकडे कंसात देते आहे.

५. काठ

३.२५ च्या सुईवर जमिनीच्या लोकरीनं १०८ (९६) टाके सैलसर घाला. गोल जोडण्याआधी काम टेबलावर ठेवून टाक्यांचा खालचा काठ सगळीकडे आतल्या बाजूलाच आहे ना, हे बोट फिरवून बघा. एक पीळ राहिला तर तो पुढं कशानंही निघत नाही, पूर्ण उसवावं लागतं. रिंग घाला, जोडा.

दोन सुलट, दोन उलट, ४ सेंमी होईपर्यंत.

मग ४ मिमीची सुई घ्या. एक फेरी सुलट विणा आणि विणताना दर ९ (८) टाक्यांनंतर एक टाका वाढवा. १२० (१०८) झाले. आणखी एक फेरी साधी सुलट.

६. नक्षी

'न' म्हणजे नक्षीचा रंग, 'ज' म्हणजे जमीन. सगळे टाके सुलट. सहा टाक्यांचा हा गट फेरीत २० (१८) वेळा येतो.

फेरी १: १ न, ५ ज
फेरी २: २ न, ३ ज, १ न
फेरी ३: ३ न, १ ज, २ न
फेरी ४: फेरी २ सारखी
फेरी ५: फेरी १ सारखी
फेरी ६: ३ ज, १ न, २ ज

या सहा फेऱ्या चार वेळा. एकेक चौकट शंकरपाळ्यासारखी उभी राहते आणि तिच्यामध्ये एकेक ठिपका. एका रंगाचे सलग पाचाहून जास्त टाके कुठंच नाहीत, म्हणून मागं आडवा जाणारा धागा दोन सेंमीच्या आसपासच राहतो आणि बोटात अडकत नाही. दुसरा नमुना निवडलात तर ही गोष्ट आधी बघा. सात-आठ टाक्यांची उडी असेल तर मध्येच एकदा तो धागा विणत्या धाग्याखाली अडकवून घ्यावा लागतो.

आता हाताच्या सवयींबद्दल. टोपी चांगली किंवा वाईट होते ती यांच्यामुळं.

मागचा धागा ओढू नका. हीच सगळ्यात मोठी चूक, आणि करताना कळत नाही. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे शेवटचे पाच-सहा टाके बोटांनी पसरून सपाट करा, मग नवा रंग घ्या. धागा मागं अलगद पडला पाहिजे, तार ओढल्यासारखा नको. तरीही वीण आकसत असेल तर टोपी उलटी करून, आतली बाजू बाहेर ठेवून विणा. तुम्ही आतून पलीकडच्या कडेवर विणता आणि मागचे धागे बाहेरच्या मोठ्या घेरावरून जातात, त्यामुळं आपोआप सैल राहतात. मला हे कळायला चार टोप्या लागल्या.

नक्षीचा धागा नेहमी खालून, जमिनीचा नेहमी वरून. जो धागा मागं खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे, ठळक बसतात. मध्येच अदलाबदल झाली तर त्या फेऱ्यांत नक्षी फिकी दिसते आणि कारण शोधून सापडत नाही. दोन वेगळ्या डब्यांत गुंडे ठेवा: नक्षीचा डावीकडं, जमिनीचा उजवीकडं. डबे जागचे हलवले नाहीत तर धागे एकमेकांत गुंतत नाहीत आणि खाल-वरही चुकत नाही.

गुंड्यात गाठ आली तर थांबा. बदलत्या लोकरीत गाठीच्या अलीकडं केशरी आणि पलीकडं एकदम जांभळा असू शकतो. गाठीपाशी कापा, पुढची लोकर जुळणारा रंग येईपर्यंत सोडवा आणि तिथून जोडा. लोकर शंभर टक्के मेंढीची असेल, आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली नसेल, तर दोन्ही टोकं पिंजून, ओली करून तळहातांवर जोरात चोळा; ती एकजीव होतात. अॅक्रिलिकची होत नाहीत. तिथं वीतभर टोकं सोडून नंतर आतून ओवायची.

गुंडा बाहेरून उघडला की आतून, यावरही रंगांचा क्रम अवलंबून असतो. काठाजवळ कुठला रंग हवा ते ठरवा आणि त्या टोकानं सुरू करा.

फेरीच्या सुरुवातीला नक्षी एक पायरी सरकलेली दिसेल. गोल विणीचा तो स्वभाव आहे, चूक नव्हे. ती जागा मागं ठेवून टोपी घालायची.

७. शेंडा

२४ फेऱ्या झाल्या की जमिनीचा धागा कापा. शेंडा सगळा बदलत्या लोकरीनंच. मागं काही आडवं धरायचं नाही, नक्षी सांभाळायची नाही, आणि रंग वर्तुळावर वर्तुळ चढत जातात. मला टोपीचा हा भाग विणायला सगळ्यात जास्त आवडतो.

१२० टाक्यांचे १५-१५ चे आठ भाग (१०८ असतील तर १२-१२ चे नऊ). प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणा: १३ सुलट, २ एकत्र (१० सुलट, २ एकत्र). पुढची फेरी साधी. पुन्हा कमी करणारी फेरी, पुन्हा साधी. प्रत्येक भागात ८ टाके उरले की साध्या फेऱ्या बंद आणि प्रत्येक फेरीत कमी करत जा, भागात एकच टाका उरेपर्यंत. मध्ये कधीतरी गोल सुई टाक्यांना मोठी पडू लागेल, तेव्हा आखूड सुयांवर घ्या.

उरलेल्या ८ (९) टाक्यांतून धागा दोनदा ओवा, ओढा, आत नेऊन पक्का करा.

८. टोकं, धुणं, वाळवणं

सगळी टोकं आतल्या बाजूनं, आपापल्या रंगाच्या टाक्यांत ओवा. पांढऱ्या टाक्यामागं मरून टोक गेलं तर ते बाहेरून दिसतं.

या टप्प्याला टोपी सुरकुतलेली, खडबडीत दिसेल. घाबरू नका. मात्र भिजवण्याआधी गडद लोकरीवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला तर टोपी भिजवू नका, नुसतं पाणी शिंपडून ओलसर करा आणि वाळायला ठेवा. रंग लागत नसेल तर थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग डोक्याच्या मापाचा फुगा फुगवून त्यावर चढवा. मी फुगा पातेल्यात ठेवते, म्हणजे तो घरंगळत नाही. काठ मात्र फुग्यावर ताणू नका, तो खाली मोकळा राहू द्या. ताणून वाळला तर कायमचा ढिला होतो. अॅक्रिलिकला इस्त्री दाखवू नका, लोकर चपटी होऊन मरते.

थंडीत एका दिवसात वाळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र पंख्याखालीही दोन-तीन दिवस लागतात आणि कुबट वास धरतो. म्हणून दसऱ्यानंतर सुरू करा. रोज तासभर बसलात तर डिसेंबरच्या आत टोपी डोक्यावर.

गोंडा शेवटी, वाळल्यावर. पायरी २ मध्ये कापून ठेवलेला तुकडा आता काढा.

दोन्ही गुंडे वजनकाट्यावर ठेवून बघा. साधारण निम्मी लोकर उरलेली असते. त्यात कंसातल्या आकड्यांची छोटी टोपी होते, जमीन आणि नक्षीचे रंग उलटे करून.